ब्रासच्या हिशेबातला डोंगर

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा ढीग म्हणजे शंभर घनफूट, म्हणजेच एक ब्रास. नाशिकमध्ये ज्यानं एकदा घर बांधलं त्याला हा शब्द जन्मभर पुरतो. चार ब्रास खडी, सहा ब्रास कच, पायाला दोन ब्रास डबर. माल उतरला की मालक टेप घेऊन ढिगाभोवती फिरतो आणि ब्रास पूर्ण भरतो का ते बघतो. २०२१ पासून सरकारला भरायची रॉयल्टी ब्रासला ६०० रुपये आहे. घनफुटाला ६ रुपये पडले. कोपऱ्यावरच्या टपरीवर एवढ्यात कटिंग चहाही मिळत नाही.

तो घनफूट कधीचा आहे? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा.

ही संख्या नुसती वाचून डोक्यात शिरत नाही, म्हणून मी ती अशी मांडून बघतो. तो दगड बनला त्या दिवसापासून आजपर्यंतचा काळ एका वर्षात बसवला, तर एक दिवस सुमारे १ लाख ८० हजार वर्षांचा होतो. बुद्धाच्या काळापासून आजपर्यंतचं सगळं ३१ डिसेंबरच्या शेवटच्या वीस मिनिटांत येतं. नाशिकला पहिला स्टोन क्रशर बसला तेव्हा वर्ष संपायला एक मिनिटसुद्धा उरलेलं नव्हतं.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहिला. शंकूसारखा ज्वालामुखी उसळला, असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. पूर आल्यासारखा तो पसरला, थिजला, पुन्हा नवा लोट आला. दख्खनच्या या काळ्या पाषाणानं आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन झाकली आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. पश्चिमेला सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. भूशास्त्रज्ञ याला ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायरी असा आहे. इगतपुरीकडून नाशिकला येताना डावी-उजवीकडचे डोंगर बघा, एकावर एक ठेवलेल्या पायऱ्या स्पष्ट मोजता येतात. साल्हेर १,५६७ मीटर, कळसूबाई १,६४६ मीटर. ही दोन्ही शिखरं त्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या होत.

एक घन किलोमीटर पाषाणाचे किती ब्रास होतात, तेही काढून पाहिलं. ३५ कोटी ३१ लाख. आणि दख्खनच्या एकूण लाव्ह्याचे अंदाज ५ लाख घन किलोमीटरपासून दहा लाखांच्या पलीकडे जातात. एवढा माल पडलेला असताना दगड संपेल कसा, असं खाणवाले विचारतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. दगड संपणार नाही. संपतो तो डोंगर, आणि तोही नेमका शहराला सगळ्यात जवळचा, कारण खडीच्या भावात वाहतुकीचा वाटा मोठा असतो.

नाशिक हे मुळात दगड फोडणाऱ्यांचं छोटं गाव आहे, असं म्हटलं तर तीर्थक्षेत्राच्या अभिमान्यांना रुचणार नाही. पण पुरावा दगडातच आहे. शहरापासून आठ किलोमीटरवर मुंबई-आग्रा रस्त्यालगत पांडवलेण्यांचा डोंगर आहे. शिलालेखांतलं त्याचं नाव त्रिरश्मी. एकूण २४ लेणी. त्यातलं क्रमांक १९ चं लहानसं लेणं सातवाहन राजा कृष्णाच्या काळातलं, इथलं सगळ्यात जुनं. नाशिकच्या महामात्रानं, म्हणजे बड्या अधिकाऱ्यानं, ते करवून घेतल्याचा लेख त्यावर आहे. शेजारच्या चैत्यगृहावर नाशिककरांच्या दानाचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचं नाव ज्या भिंतीवर उमटलं ती भिंत छिन्नीनं काढलेली आहे. दगड आधी फोडला गेला, मग त्यावर गाव लिहिलं गेलं.

आणि ते लोक हिशेबात किती पक्के होते बघा. क्रमांक १० च्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष ४२. त्यानं संघाला ३,००० कार्षापण नाण्यांचं कायमचं दान दिलं. मुद्दल कोणाच्या हाती दिलं नाही, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींत ठेवलं. गोवर्धन म्हणजे आज गंगापूर रस्त्याला लागतं तेच गाव. एका श्रेणीत २,००० कार्षापण, शेकडा दरमहा एक या व्याजानं. दुसरीत १,०००, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज २४० होतं. लेख सांगतो की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. २० गुणिले १२ म्हणजे २४०. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्या रकमेचे ९० दुसऱ्या खर्चाला. त्याच लेखात देवब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचाही दर लिहिलाय, ३५ ला एक सुवर्ण, म्हणून २,००० सुवर्ण. मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर करून पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. आजच्या मुदत ठेवीचा कागद अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी त्रिरश्मीच्या भिंतीवर लावून ठेवलेला होता.

क्रमांक ३ चं लेणं गौतमी बलश्रीनं दिलं, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनं, नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षात. त्याचा मधला मंडप ४१ फूट रुंद आणि ४६ फूट खोल आहे, भोवती १८ खोल्या. उंची ढोबळ १० फूट धरली तर नुसत्या मंडपातून १८,८६० घनफूट पाषाण निघाला, म्हणजे १८९ ब्रास. घनफुटाचं वजन ८० किलो. अखंड दगडाचा ब्रास ८ टनांचा. हा सगळा माल छिन्नी आणि हातोड्यानं कपचा-कपचा करून, टोपलीतून बाहेर काढला. भिंतीवर हात फिरवला तर टाकीचे घाव अजून बोटांना लागतात, एकमेकांशेजारी तिरके, जवळजवळ सारख्या अंतरावर. एका घावात चिमूटभर दगड निघतो. मंडपाचे घाव मोजायचे म्हटले तर आकडा कोटीत जाईल. क्रमांक १ चं लेणं मात्र अर्धवटच राहिलं. कोणीतरी एका संध्याकाळी छिन्नी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

आता तेच १८९ ब्रास आजच्या मापानं मोजू. दगड फुटला की फुगतो, फटी पडतात, म्हणून दीडपट धरायचा. २८३ ब्रास झाले. एका हायवा डंपरमध्ये ५ ब्रास धरले तर ५७ फेऱ्या. चालू खाणीच्या पट्ट्यात हे एका सकाळचं काम आहे. चहाच्या सुट्टीआधी राणीचं लेणं भरून जाईल.

त्रिरश्मीच्या कारागिरांनी आणखी एक केलं होतं. लेण्यांना लागून पाण्याची टाकी खोदली, जुन्या लेखांतला शब्द ‘पोढी’. पाणी कुठे मुरतं, कोणत्या थरावर अडतं, हे त्यांना माहीत होतं. लाव्ह्याचे दोन थर जिथे भेटतात तिथे पाणी झिरपतं. पायथ्याच्या विहिरी त्याच्याच जोरावर जगतात.

मधली शतकं मी झरझर ओलांडतो, कारण दगडाचं काम चालूच होतं. त्र्यंबकेश्वरचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी काळ्या पाषाणात बांधायला घेतलं. पंचवटीतलं काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. त्याचा दगड रामशेजच्या डोंगरातला. २,००० माणसं १२ वर्षं राबली आणि २३ लाख रुपये लागले, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले तर ७२ लाख मनुष्यदिवस भरतात. सगळाच्या सगळा खर्च मजुरीवर झाला असं मानलं तरी दिवसाला माणशी पाच आण्यांच्या आसपास पडतात, आणि दगड, बैल, चुना, लोखंड वजा केलं तर त्याहून कमी. बैलगाडीत दहा घनफूट दगड म्हणजे ८०० किलो. दहा गाड्या ओढल्या की एक ब्रास. रामशेजहून पंचवटीपर्यंत बैलांनी किती वाटा तुडवल्या असतील! आणि ज्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनत केली त्यांतल्या कितीतरी जणांना या मंदिराचं दार बंद होतं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. दगडाचा इतिहास लिहिताना हे वगळणं मला जमणार नाही.

तर असं हे गाव. १९०१ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या होती २१,४९०. दोन हजार वर्षं दगड फोडून, लेणी आणि देवळं उभारून, घाट बांधून शहर इथवर पोहोचलं होतं. आता पुढचे आकडे. १९९१ मध्ये ६,५६,९२५. २००१ मध्ये १०,७७,२३६. २०११ मध्ये १४,८६,०५३. एकशे दहा वर्षांत ६९ पट.

शेवटच्या दहा वर्षांत ४,०८,८१७ माणसं वाढली. रोजची ११२. म्हणजे दर १९२ दिवसांनी १९०१ चं अख्खं नाशिक नव्यानं येऊन वसत होतं. पंचवटी, जुनं नाशिक, रविवार कारंजा, सगळी गल्लीबोळं माणसांसकट, वर्षातून जवळजवळ दोनदा.

रोजची ११२ माणसं म्हणजे चार-चारची २८ घरं. बांधकामवाल्यांचा ठोकताळा असा की चौरस फुटाला सव्वा ते दीड घनफूट खडी लागते. ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटला ८ ब्रास. वाळूही जवळपास तेवढीच, थोडी वरच, आणि नदीची वाळू दुर्मिळ झाल्यापासून तीही बहुतेक क्रशरचीच. म्हणून फ्लॅटमागे १८ ब्रास धरतो. २८ घरांचे ५०४ ब्रास. रोज १०० हायवा, नुसत्या राहत्या घरांसाठी. रस्ते, उड्डाणपूल, गटारं, कंपन्या, मंगल कार्यालयं यांना निदान तेवढंच धरा. रोज २०० हायवा.

आता एक डोंगर घेऊ. मी मुद्दाम लहान घेतो, १०० मीटर उंच आणि पायथ्याशी ४०० मीटर रुंद, शंकूसारखा. नाशिकच्या आसपास असे डझनांनी आहेत, कित्येकांना नावही नाही. त्यात ४१ लाख ९० हजार घनमीटर दगड असतो. १४ लाख ८० हजार ब्रास. फुगून २२ लाख ब्रास. ४ लाख ४० हजार हायवा. रोज २०० प्रमाणे २,२०० दिवस, म्हणजे सहा वर्षं.

मूल पहिलीत जाताना जो डोंगर वर्गाच्या खिडकीतून दिसायचा, तो ते सातवीत गेल्यावर नसेल.

निसर्गही डोंगर खातो, हे खरं आहे. ऊन, पाऊस, गोदावरी, सगळ्यांनी मिळून हा प्रदेश कोरला. गेल्या ६ कोटी ६० लाख वर्षांत वरून एक किलोमीटर जाडी झिजली असं समजा. तर वेग निघतो ६६ वर्षांना एक मिलिमीटर. आजोबांच्या जन्मापासून त्यांच्या साठीशांतीनंतरही काही वर्षं जातील, तेव्हा कुठे मिलिमीटरभर डोंगर कमी होईल. त्या वेगानं १०० मीटर जायला ६६ लाख वर्षं लागतील. आपल्याला सहा. आपण पावसापेक्षा ११ लाख पट वेगवान आहोत.

शहराच्या दक्षिणेला सारूळकडे हा वेग डोळ्यांनी बघता येतो. रस्त्यालगतच्या झाडांची पानं राखाडी झालेली असतात. डोंगराची एक बाजू हिरवी, दुसरी सुरीनं कापल्यासारखी उभी. ड्रिलचा कर्कश आवाज थांबतो, भोकं भरतात, माणसं मागे सरतात, शिट्टी होते. मग पायांना आधी कळतं, कानांना नंतर. धूळ खाली बसायला वेळ लागतो, पण पोकलेन तेवढी वाट बघत नाही.

तिथेच एका म्हाताऱ्या पाथरवटाशी बोललो. वडार समाजातला, तीन पिढ्या दगडातल्या. आता क्रशर आल्यावर हातचं काम उरलेलं नाही. पाटे-वरवंटे आणि उंबरठ्याचे दगड घडवतो. त्यानं एक धोंडा पुढे ओढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि कान लावून हातोडीनं हलकेच ठोकून पाहिला. म्हणाला, “दगडाला नस असती, भाऊ. नस गावली का तो सोताहून उघडतो. नाय गावली तर दिसभर मारा.” तीन जागी छिन्नी टेकवली, तीन घाव घातले, चौथ्या घावाला धोंडा सरळ रेषेत दुभंगला, सुरीनं कापलेल्या खरवसासारखा. मी विचारलं, “जिलेटिननं उडवताना नस बघतात का?” त्यानं नुसती मान हलवली. “त्यात काय बघायचं? समदंच फुटतं.”

फुटताना काय काय फुटतं, हे सिन्नरला जाऊन बघावं. माळेगाव औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांनी उभारलेलं ‘गारगोटी’ संग्रहालय आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. मग लाखो वर्षं त्या पोकळ्यांत गरम खनिजयुक्त पाणी झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतींवर स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया इतक्या बारीक असतात की श्वास जोरात सोडायची भीती वाटते. पांडवलेण्यांजवळच्या खाणींत निघालेले नमुने जगभरच्या संग्राहकांना नावानिशी ठाऊक आहेत. तिथल्या पॉवेलाइटचं तर त्यांना विशेष कौतुक. परदेशी संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर ‘नाशिक’ लिहिलेलं असतं. क्रशरच्या जबड्यात मात्र पॉवेलाइट आणि साधा काळा दगड सारखाच, वीस मिलिमीटरची खडी. वाचलं ते एखाद्या मजुराच्या नजरेनं वाचलं, त्यानं वाकून उचललं म्हणून.

घर नको, रस्ता नको, असं मी म्हणत नाही. मीही खडीच्याच घरात राहतो, आणि माझ्या १८ ब्रासचा दगड कोणत्या डोंगराचा हे मी बांधकामाच्या वेळी विचारलं नाही. दोन हजार वर्षं या गावानं डोंगरातून दगड घेतला आणि डोंगर जागेवर राहिला, त्रिरश्मी आजही त्रिरश्मी आहे. ते आता राहिलेलं नाही, कारण मोजमाप फक्त मालाचं होतं. परवाना ब्रासचा, रॉयल्टी ब्रासची, चोरी पकडली तर दंडही ब्रासवर. जागेवर किती डोंगर उरला याचा आकडा कुठल्याच पावतीवर नसतो. २०२१ मध्ये त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याला यंत्रं लागली, तेव्हा लोक खडबडून जागे झाले. तिथून निघणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते आणि तिच्या खोऱ्यात ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर जमीन येते. बाकीच्या बिननावाच्या डोंगरांना असा कोणी वाली नाही. त्यांच्याखाली नदी नाही, फक्त पाच-पन्नास विहिरी आहेत.

सिंहस्थाची कामं जोरात आहेत, खडीची मागणी वाढतच जाणार. २०२७ ला जनगणना होईल आणि नाशिकचा नवा आकडा येईल. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या डोंगरांचीही गणना व्हावी अशी माझी मागणी आहे. प्रत्येकाला नाव, नकाशावर जागा, आजची उंची, पायथ्याच्या विहिरींची संख्या आणि कोणत्या डोंगराला कधीच हात लावायचा नाही याची जाहीर यादी. ड्रोननं एका डोंगराचं घनफळ काढणं हे आज सर्वेक्षकांचं रोजचं काम आहे. माल मोजायला जे यंत्र वापरतात तेच डोंगर मोजायलाही चालतं.

आणि यादीची वाट बघत बसायची गरजही नाही. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरीतली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे गौण खनिजाचा खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घेणं १९९६ च्या पेसा कायद्यानं बंधनकारक केलेलं आहे. तुमचं गाव त्यात असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा. आपल्या शिवारातल्या प्रत्येक डोंगराचं नाव इतिवृत्तात लिहून घ्या, आणि जो राखायचा आहे त्याच्या नावापुढे तसा ठराव घाला.